चिंतेच्या आणि झोपेच्या गोळ्या हळूहळू उतरवताना होणारी घालमेल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिंतेसाठी किंवा झोपेसाठी सुरू झालेली एवढीशी गोळी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी बंद करायचे ठरते आणि नेमके त्याच काळात पूर्वीपेक्षा जास्त घाबरे होऊ लागते. त्या काळात मनात जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ती बेन्झोडायझेपिन या गटातील गोळ्यांपुरती आहेत. मी डॉक्टर नाही. रात्री अर्धा मिलिग्रॅम क्लोनाझेपाम सहा वर्षे घेतल्यानंतर मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ते उतरवायला मला अकरा महिने लागले. त्याआधी एकदा ते चार दिवसांत बंद करण्याचा मूर्खपणाही मी करून पाहिला होता. आपला डोस किती आणि केव्हा कमी करायचा, हे आपल्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. तो निर्णय या पानावरून घेऊ नये.

माझी गोळी या गटातली आहे, हे कसे ओळखावे?

पाकिटावर ब्रँडचे नाव मोठ्या अक्षरात आणि औषधाचे खरे नाव त्याखाली बारीक अक्षरात असते. ते बारीक नाव वाचावे. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम, क्लोबाझाम, नायट्राझेपाम आणि क्लोरडायझेपॉक्साइड ही या गटातील आपल्याकडे नेहमी दिसणारी नावे आहेत. एटिझोलामची रासायनिक घडण किंचित वेगळी असली तरी त्याचे काम आणि त्याची सवय जवळजवळ तशीच असते. या गटाचा इतिहास फार जुना नाही. क्लोरडायझेपॉक्साइड १९६० मध्ये आणि डायझेपाम १९६३ मध्ये बाजारात आले, तेव्हा त्याआधीच्या बार्बिच्युरेट औषधांपेक्षा ती पुष्कळच सुरक्षित मानली गेली आणि त्यामुळे ती सढळ हाताने लिहिली गेली. सवयीचा प्रश्न गांभीर्याने घेतला जाईपर्यंत बरीच वर्षे गेली.

फिट्स येतात म्हणून ज्यांना क्लोबाझाम किंवा क्लोनाझेपाम दिलेले आहे, त्यांचा प्रश्न सर्वस्वी वेगळा आहे. त्यांनी मेंदूविकारतज्ज्ञांच्या सांगण्याशिवाय डोसला हातही लावू नये.

मी चिठ्ठीत लिहिल्यापेक्षा एकही गोळी जास्त घेतलेली नाही. मग मी व्यसनी कसा?

आपण व्यसनी नाही. शरीराला सवय लागणे आणि व्यसन जडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यसनात ओढ असते, लपवाछपवी असते, नुकसान दिसत असूनही न थांबणे असते. शरीराची सवय मात्र डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे इमानेइतबारे गोळी घेणाऱ्यालाही लागते, आणि ती काही दिवसांत ते काही आठवड्यांतही लागू शकते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये या गटातील सर्व औषधांच्या माहितीपत्रकात याबद्दलचा ठळक चौकटीतला इशारा घालायला लावला.

सवय लागते ती अशी. मेंदूत गाबा नावाचे एक रसायन चेतापेशींना शांत करण्याचे काम करते आणि या गोळ्या त्या रसायनाचा परिणाम वाढवतात. रोज बाहेरून मदत मिळू लागली की मेंदू आपल्या बाजूने ब्रेक थोडा सैल करतो. पुढे गोळी कमी झाली की सैल झालेला ब्रेक लगेच घट्ट होत नाही. त्याला आठवडे, कधी महिने लागतात. त्या मधल्या काळातली धडधड, थरथर आणि घालमेल ही या उशिराची किंमत असते. मनोबल कमी पडले म्हणून ती येत नाही, आणि हे एकदा नीट समजले की निम्मी शरम तरी गळून पडते.

मग एकदम बंद करून चार दिवस त्रास का काढू नये?

कारण त्यात जिवाला धोका असू शकतो. दीर्घकाळ घेतलेली बेन्झोडायझेपिन अचानक थांबवली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, माणूस बरळू शकतो. डोस मोठा असेल, पूर्वी कधी फिट आली असेल किंवा सोबत दारूचीही सवय असेल, तर हा धोका आणखी वाढतो. अशांचा डोस कधीकधी रुग्णालयात दाखल करूनच उतरवावा लागतो.

मी चार दिवसांत बंद केले तेव्हा पहिले दोन दिवस काहीच झाले नाही आणि मी स्वतःवर खूश होतो. क्लोनाझेपाम शरीरातून निम्मे कमी व्हायला साधारण ३० ते ४० तास लागतात, त्यामुळे त्याचा हिशेब उशिरा समोर येतो, हे मला ठाऊक नव्हते. पाचव्या रात्री कुकरच्या शिट्टीने मी अक्षरशः दचकून उभा राहिलो, ट्यूबलाइटचा उजेड डोळ्यांना सोसेना आणि हाताची बोटे मुंग्यांनी भरली. अल्प्राझोलामचा अर्धा भाग साधारण ११ तासांत निघून जातो. म्हणून ते घेणाऱ्यांना हाच अनुभव एक-दोन दिवसांतच येतो, आणि काहींना तर रोजच्या दोन गोळ्यांच्या मधल्या वेळेतही बेचैनी जाणवते.

किती वेगाने उतरवावे?

अमेरिकेतील व्यसनोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने इतर वैद्यकीय संघटनांसह २०२५ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत सुरुवातीची कपात ५ ते १० टक्के आणि दोन कपातींमध्ये दोन ते चार आठवड्यांचे अंतर असावे, असे सुचवले आहे. दोन आठवड्यांत २५ टक्क्यांपेक्षा जास्त कपात सहसा करू नये, असेही त्यांत म्हटले आहे. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे डॉ. हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षे केवळ याच रुग्णांसाठी दवाखाना चालवला. त्यांची पद्धतही याच अंगाने जाणारी होती : शरीरातून लवकर उतरणाऱ्या गोळीऐवजी हळूहळू उतरणारे डायझेपाम द्यायचे आणि मग ते थोडेथोडे कमी करायचे. हा बदल प्रत्येकाला लागत नाही. वृद्धांना आणि यकृताचा विकार असलेल्यांना डायझेपाम शरीरात साठून त्रासदायकही ठरते. अर्धा मिलिग्रॅम क्लोनाझेपाम म्हणजे साधारण पाच ते दहा मिलिग्रॅम डायझेपाम, असा हिशेब निरनिराळ्या तक्त्यांत दिलेला असतो, म्हणून ‘अर्धीच तर गोळी आहे’ या बोलण्याला फारसा अर्थ नसतो.

माझे मत विचाराल तर वेळापत्रक हे डांबरी रस्त्यासारखे समजू नये. घाटात एका जागी गाडी थांबवून इंजिन थंड होऊ द्यावे लागते, तसे एखाद्या टप्प्यावर दोनाऐवजी सहा आठवडे थांबावे लागले तर थांबावे. दिवाळी, घरातले लग्न, मुलांच्या परीक्षा किंवा आर्थिक वर्षअखेरीची धांदल चालू असताना नवी कपात करू नये. ‘मार्चअखेर ऑफिसात मान वर करायला वेळ नसतो’ एवढे सांगितले तरी समजूतदार डॉक्टर तो महिना सोडून देतात.

शेवटची पाव गोळी सर्वांत अवघड का जाते?

हा प्रश्न मला फार उशिरा सुचला आणि त्याचे उत्तर साध्या गणितात निघाले. समजा, कोणी अर्ध्या मिलिग्रॅमवर आहे आणि पाव मिलिग्रॅमच्या गोळीचे चार तुकडे करून दर टप्प्याला एक तुकडा, म्हणजे ०.०६२५ मिलिग्रॅम कमी करतो. ०.५ वरून ०.४३७५ वर येताना ही कपात साडेबारा टक्के असते. ०.२५ वरून ०.१८७५ वर येताना तोच तुकडा २५ टक्के होतो. ०.१२५ वरून ०.०६२५ वर येताना तो सरळ निम्मा होतो, आणि शेवटचा तुकडा सोडताना शंभर टक्के. हातातला तुकडा तेवढाच दिसतो, पण मेंदूला लागणारा धक्का दर वेळी वाढत जातो. त्यातच औषधाचे प्रमाण आणि मेंदूवरचा परिणाम हे सरळ रेषेत चालत नाहीत. अगदी कमी डोसही आपल्या आकाराच्या मानाने बरेच काम करत असतो.

म्हणून शेवटच्या टप्प्यांत तुकडे आणखी लहान आणि मुक्काम आणखी लांब लागतात. तेवढे लहान तुकडे हाताने होत नाहीत. अशा वेळी पातळ स्वरूपातले औषध किंवा डायझेपाममधला बदल शक्य आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. ‘आता दिवसाआड घ्या’ असा सल्ला काही वेळा दिला जातो. अल्प्राझोलामसारख्या लवकर उतरणाऱ्या औषधात त्याचा परिणाम एक दिवस भरती आणि एक दिवस ओहोटी असा होतो. असा सल्ला मिळाला तर त्याऐवजी रोज कमी डोस घेता येईल का, हे नम्रपणे विचारायला हरकत नाही.

पाव गोळी नीट कापायची कशी?

मेडिकलच्या दुकानात गोळी कापायची छोटी प्लास्टिकची डबी मिळते आणि तिच्यात पाते बसवलेले असते. भाजीच्या सुरीपेक्षा ती कितीतरी बरी. मी सुरुवातीला स्टीलच्या ताटलीत सुरीने कापत असे, तेव्हा एक तुकडा ओट्याखाली उडायचा आणि दुसऱ्याचा चुरा व्हायचा. तो चुरा बोटाने टिपून खाताना आज नेमके किती घेतले, हे देवालाच ठाऊक असे. जिभेवर विरघळणाऱ्या गोळ्या ठिसूळ असतात, त्यामुळे त्या कापण्यासाठी घेऊ नयेत. ज्या गोळ्यांतून औषध सावकाश सुटते अशा, म्हणजे नावापुढे एसआर किंवा ईआर लिहिलेल्या गोळ्या तर कापायच्याच नसतात. शक्यतो सगळ्या टप्प्यांत एकाच ब्रँडची गोळी ठेवावी. चार तुकडे कधीच एकसारखे होत नाहीत. त्या दिवशीचा तुकडा थोडा लहान आला म्हणून घाबरू नये, पण सलग तीन दिवस लहान तुकडे निवडून मुद्दाम पुढे पळूही नये.

हा त्रास गोळी कमी केल्याचा आहे की जुनी चिंता परत आली आहे?

खात्रीने सांगता येईल अशी एकच खूण नाही, पण दोन गोष्टींकडे पाहावे. पहिली म्हणजे वेळ. त्रास कपातीनंतर काही दिवसांत सुरू झाला, चढला आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरू लागला, तर तो बहुधा कपातीचा असतो. दुसरी गोष्ट म्हणजे त्रासाचे रूप. पूर्वी कधीही न झालेल्या गोष्टी होऊ लागल्या, उदाहरणार्थ आवाज आणि उजेड न सोसणे, हातापायांना मुंग्या, स्नायू फडफडणे, तोंडाला धातूसारखी चव, आपण स्वतःपासून किंवा आजूबाजूच्या जगापासून तुटल्यासारखे वाटणे, तर त्या चिंतेपेक्षा औषधाच्या ओहोटीकडे बोट दाखवतात. याउलट, नोकरी जाईल, मुलीचे लग्न ठरणार नाही, छातीत दुखते म्हणजे हृदयविकारच असणार, असे जुनेच विषय जुन्याच चालीवर परत आले आणि डोस आठ-दहा आठवडे स्थिर असूनही हटेनात, तर मूळ चिंतेवर स्वतंत्र उपचार हवेत, असे समजावे.

येथे वहीचा उपयोग होतो. माझ्या वहीत रोज एकच ओळ असे : तारीख, डोस, झोपेचे तास, आणि दहापैकी किती घाबरे वाटले तो आकडा. एका टप्प्यावर नऊ दिवस आकडे ६, ७, ७, ८, ६, ७, ५, ५, ४ असे होते. आठच्या दिवशी मला खात्री वाटत होती की हे असेच राहणार आणि गोळीशिवाय आपले आयुष्य नाही. चारच्या दिवशी ते आठवताना ते दुसऱ्याच कोणाला वाटल्यासारखे वाटले. मात्र दिवसातून दहा वेळा स्वतःला मोजू नये. दर तासाला बीपीचे यंत्र दंडाला लावणारा माणूस त्या यंत्रामुळेच घाबरतो.

घाबरे होण्याचा झटका आला की त्या क्षणी काय करावे?

आधी त्याचा स्वभाव ओळखावा. असा झटका बहुधा दहाएक मिनिटांत शिखर गाठतो आणि मग आपोआप उतरतो, कारण शरीर एवढ्या वेगात फार वेळ धावू शकत नाही. ‘खोल श्वास घे’ हा सर्वांनी दिलेला सल्ला जरा जपून घ्यावा. भराभर मोठे श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने चक्कर आणि मुंग्या वाढतात आणि माणूस आणखी घाबरतो. श्वास मोठा असण्यापेक्षा सावकाश असावा : नाकाने चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास. हे झटक्याच्या वेळी प्रथमच करू नये. रोज बरे वाटत असताना पाच मिनिटे केलेले असले तरच त्या वेळी ते हाताशी येते.

दुसरी गोष्ट, जागा सोडून पळू नये. बँकेच्या रांगेत किंवा लोकलच्या डब्यात धडधड सुरू झाली आणि आपण निघून गेलो, तर सुटका होते खरी, पण ‘तिथून पळालो म्हणून वाचलो’ एवढेच मेंदू शिकतो. शक्य असेल तर तिथेच भिंतीला टेकून उभे राहावे आणि छातीवरची लाट वर जाऊन खाली येईपर्यंत तिला येऊ द्यावे. चिंतेसाठीची वर्तन-बोधन उपचारपद्धती, जिला बहुतेक समुपदेशक सीबीटी म्हणतात, तिचा गाभा हाच आहे. नुसता डोस कमी करण्यापेक्षा त्यासोबत ही उपचारपद्धती चालू असेल तर गोळी सुटण्याची शक्यता वाढते, असे दिसून आलेले आहे. त्यात धडधडीची भीती जावी म्हणून ती मुद्दाम आणायला लावतात. जिना वेगाने चढायचा, जागच्या जागी गिरकी घ्यायची आणि मग काही न करता बसून राहायचे. पहिल्यांदा हे ऐकून मला हसू आले होते. तिसऱ्या आठवड्यात चार मजले चढून वर गेलो, तेव्हा छाती धडधडत होती आणि मी दाराशी वर्तमानपत्रातला मथळा वाचत उभा होतो.

खिशात ‘असू दे’ म्हणून ठेवलेल्या गोळीबद्दल मतभेद आहेत. सुरुवातीला तिचा आधार वाटतो, पण ती कायमची खिशात राहिली तर धीर गोळीचाच राहतो. तिला केव्हा खिशाबाहेर काढायचे, हेही वेळापत्रकाचाच एक टप्पा समजून डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

रात्रीची झोप पूर्ण उडाली आहे. काय करावे?

कपातीनंतरची पहिली आठ-दहा दिवसांची झोप तुटक असते, स्वप्ने ठळक असतात आणि पहाटे तीनला डोळे उघडतात. झोप भरून काढण्यासाठी सकाळी उशिरापर्यंत लोळू नये. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी आणि दुपारची झोप टाळावी. वीसएक मिनिटे झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसावे आणि डोळे जड झाले की परत यावे. मी पहाटे तीनला दुसऱ्या दिवशीची मेथी निवडत असे. घरात सकाळी कुणाला प्रश्न पडला नाही, पण मेथीचा खप मात्र वाढला. सर्दीच्या किंवा खाज येण्याच्या गोळ्यांनी गुंगी येते म्हणून त्या मनाने झोपेसाठी घेऊ नयेत. वृद्धांमध्ये त्यांनी गोंधळ आणि पडझड होते.

फारच असह्य झाले तर एखादी जास्तीची गोळी घेतलेली चालेल का?

मनाने घेऊ नये. आज कमी, उद्या जास्त, परवा पुन्हा कमी, असे झाले की मेंदूला जुळवून घ्यायला स्थिर जमीनच मिळत नाही आणि कपात केल्याचा त्रास होऊनही कपात पदरात पडत नाही. त्रास खरोखरच सोसण्यापलीकडे गेला तर डॉक्टरांना फोन करावा. ते बहुधा आधीच्या ज्या डोसवर आपण बरे होतो तिथे परत नेतात, तिथे काही आठवडे ठेवतात आणि पुढची कपात निम्मी करतात. यात हरल्यासारखे काही नाही.

धडधड कमी करण्यासाठी काहींना प्रोप्रानोलॉल दिले जाते. त्याने छातीची धडधड आणि हाताचा कंप कमी होतो, पण ते फिट रोखत नाही आणि दम्याच्या रुग्णांना ते घातक ठरू शकते. शेजाऱ्यांच्या पाकिटातून ते उसने घेऊ नये.

चहा, दारू, अश्वगंधा यांचे काय?

चहा-कॉफी एकदम बंद करू नये, कारण तिच्या ओहोटीनेही डोके दुखते आणि चिडचिड होते. दुपारनंतरचा चहा मात्र सोडावा. टपरीवरचा अर्धा कटिंगही हिशेबात धरावा. दारू पूर्ण टाळावी. दारू मेंदूच्या त्याच ब्रेकवर काम करते, त्यामुळे संध्याकाळी बरे वाटते आणि पहाटे दुप्पट वसूल होते. शिवाय दोन्ही एकत्र झाल्यास श्वास मंदावण्याचा धोका असतो. अश्वगंधा ‘नैसर्गिक’ आहे म्हणून सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगावे, कारण तिने गुंगी वाढू शकते, थायरॉइडच्या औषधांचे गणित बिघडू शकते आणि यकृताला इजा झाल्याचीही उदाहरणे नोंदलेली आहेत.

दुसऱ्या आजाराचे औषध सुरू झाले तर?

आपल्या देशात याचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण क्षयरोगाच्या उपचारांचे आहे. त्यातले रिफाम्पिसिन हे यकृतातील औषध मोडणाऱ्या यंत्रणेला वेग देते. त्यामुळे अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामचा डोस तोच असूनही रक्तातले प्रमाण घसरते आणि कपात न करता कपातीचा त्रास सुरू होतो. फिट्ससाठीचे कार्बामाझेपिनही असेच वागते. याउलट क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक किंवा बुरशीवरचे केटोकोनॅझोल रक्तातले अल्प्राझोलाम वाढवते आणि गुंगी येते. म्हणून दातांच्या डॉक्टरांपासून फॅमिली डॉक्टरांपर्यंत प्रत्येकाला आपल्या गोळीचे नाव आणि चालू डोस सांगावा.

माझ्या एकाच गोळीत एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम दोन्ही आहेत.

आपल्याकडे हे मिश्रण फार चालते आणि कित्येक रुग्णांना आपण दोन औषधे घेत आहोत, याची कल्पनाही नसते. अशी गोळी कापली की दोन्ही औषधे एकदम कमी होतात आणि त्रास कशाचा, हे कुणालाच कळत नाही. डॉक्टरांना दोन्ही औषधे वेगवेगळ्या गोळ्यांत लिहून देण्याची विनंती करावी. सहसा एस्सिटॅलोप्रॅम आहे तिथेच ठेवून आधी क्लोनाझेपाम उतरवतात. एस्सिटॅलोप्रॅम हे नैराश्य आणि चिंतेवरचे वेगळ्या गटातले औषध आहे. त्याचीही कपात पुढे सावकाशच करावी लागते. घाईने केली तर चक्कर, चिडचिड आणि डोक्यात वीज चमकून गेल्यासारखे झटके जाणवतात.

घरच्यांनी काय करावे?

‘सगळे मनाचे खेळ आहेत’ हे वाक्य घरात बंद करावे. रोज ‘आज कसं वाटतंय?’ असे विचारण्यापेक्षा ‘चल, चक्कर मारून येऊ’ हे जास्त उपयोगी पडते. माझ्या सासूबाई पहिले दोन महिने ‘जावईबापू, एवढ्याशा गोळीनं काय होतं, घ्या की’ असे अगदी मायेने म्हणत. पत्नीने त्यांना वही दाखवली, त्यानंतर त्या संध्याकाळी स्वतःहून चहाऐवजी कोकमाचे सरबत करू लागल्या. गोळ्यांचा साठा घरात एकाच ठिकाणी आणि मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा.

ताबडतोब रुग्णालयात केव्हा न्यावे?

फिट आली, माणूस असंबद्ध बोलू लागला, नसलेल्या गोष्टी दिसू किंवा ऐकू येऊ लागल्या, किंवा थरथर आणि घामासोबत ताप चढला तर वाट पाहू नये; महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ वर रुग्णवाहिका मागवावी. छातीत नव्याने दुखू लागले तर ती चिंताच आहे, असे घरीच ठरवू नये. जगणे नकोसे वाटण्याचे विचार येऊ लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे आणि माणसाला एकटे सोडू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनीसेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते आणि तेथे मराठीत बोलता येते.

गर्भवती असाल किंवा गर्भधारणेचा विचार असेल, तर घाबरून गोळी एकदम टाकू नये. आधी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ या दोघांना गाठावे.

माझे डॉक्टर ‘चालू राहू द्या’ म्हणतात किंवा ‘उद्यापासून बंद करा’ म्हणतात. काय करू?

चालू ठेवण्यामागे कधी रास्त कारण असते, ते विचारून घ्यावे. वय ६५ च्या पुढे असेल तर या गोळ्यांमुळे तोल जाऊन पडण्याचा आणि विस्मरणाचा मुद्दा आपणहून काढावा. ‘उद्यापासून बंद’ असे सांगितले गेल्यास आपण किती वर्षे आणि किती डोस घेत आहोत, हे स्पष्ट सांगून टप्प्याटप्प्याचे वेळापत्रक कागदावर मागावे. मला ज्या दवाखान्यात ही गोळी सुरू झाली, तेथे सहा वर्षांत ती किती दिवस घ्यायची, हे मला कुणी सांगितले नाही, आणि खरे तर मीही विचारले नाही. दुसरे मत घ्यायचे असेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, तर गोव्यात बांबोळी येथे मानसोपचाराची संस्था आहे. या संस्थांतही बाह्यरुग्ण विभाग असतो. तिथे जाणे म्हणजे दाखल होणे नव्हे.

चिठ्ठी वेळेवर नवी करून घ्यावी. अल्प्राझोलाम आणि डायझेपाम ही औषधे शेड्यूल एच-वन या कडक नियमांच्या सरकारी औषधयादीत येतात. २०१४ पासून लागू असलेल्या या नियमानुसार दुकानदाराला डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव आणि गोळ्यांची संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपावी लागते. म्हणून ‘ओळखीचा मेडिकलवाला देईल’ यावर विसंबून राहू नये. शनिवारी रात्री गोळ्या संपणे ही नको असलेली सक्तीची कपात असते. आखातात राहणाऱ्या किंवा तिकडे जाणाऱ्या मराठी मंडळींनी आणखी एक काळजी घ्यावी : संयुक्त अरब अमिरातीत ही औषधे नेण्यासाठी तेथील सरकारची आगाऊ परवानगी लागते, नुसती चिठ्ठी पुरत नाही.

गोळी पूर्ण बंद झाल्यावर किती दिवस त्रास राहतो?

बहुतेकांचा मुख्य त्रास काही आठवड्यांत ओसरतो. काहींना काही महिने अधूनमधून लाटा येत राहतात, आणि थोड्या लोकांना त्याहून जास्त काळ लागतो. लाटांचे वैशिष्ट्य असे की त्यांच्यामधले चांगले दिवस हळूहळू वाढत जातात, पण वाईट दिवशी ते आठवत नाहीत. म्हणून गोळी बंद झाल्यानंतरही वही दोन-तीन महिने चालू ठेवावी. बंद केल्यानंतर साधारण सहा आठवड्यांनी आणि पुन्हा तीन महिन्यांनी डॉक्टरांना भेटावे. मूळ चिंता उरली असेल तर ती तेव्हा स्वच्छ दिसते आणि तिच्यावर सवय न लावणारे उपचार सुरू करता येतात. उरलेल्या गोळ्या ‘लागतील कधी’ म्हणून देव्हाऱ्याच्या खणात ठेवू नयेत. माझ्या तेरा उरल्या होत्या. पुढच्या भेटीला जाताना त्या पाकिटासकट घेऊन गेलो आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या.